बॅग सगळ्यात शेवटी घ्या

गिऱ्हाईक दुकानात शिरतं तेच मोबाइल पुढे करून. "ताई, ही अशी बॅग पाहिजे, रविवारी गोव्याला निघायचंय." मी मोबाइलकडे बघत नाही, बाहेर जाऊन आधी मोटरसायकल बघते. सायलेन्सर एका अंगाला आहे की दोन्ही, साडी गार्ड, म्हणजे मागच्या चाकावरची जाळी, जागेवर आहे की काढून टाकलाय, मागचे इंडिकेटर कुठवर बाहेर आलेत, मागे कुणी बसणार आहे का. एवढं कळलं की फोटोतल्या निम्म्या बॅगा तिथल्या तिथे बाद होतात.

आमचं दुकान मुळात सीटांचं. कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरच्या अंगाला. वडील रिक्षाचे हूड आणि बुलेटची सीटं शिवायचे. आता क्रूझर मोटरसायकलवाल्यांची ये-जा वाढली म्हणून बॅगा, कव्हरं, स्टे, लाइट असं जोडकामही आलं, पण मशीनवर मी अजून स्वतः बसते. माझी गाडी म्हणाल तर रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५०. त्यामुळे पुढचे आकडे बरेचसे तिचे, हिशेब मात्र बजाजची अव्हेंजर असो नाहीतर एनफिल्डचीच मोठी सुपर मीटिअर, तोच.

क्रूझरचं वेगळेपण असं की बूड खाली आणि पाय पुढे. मीटिअरच्या सीटची उंची ७६५ मिलिमीटर, अव्हेंजर क्रूझची त्याहून कमी, ७३७. पाय पुढे टाकून बसलं की अंगाचा भार पायांवर फारसा येत नाही, तो सरळ माकडहाडावर आणि तिथून मागच्या चाकावर जातो. म्हणजे सामान चढवायच्या आधीच मागची बाजू जड. त्यात पाठीमागच्या कॅरिअरवर, चाकाच्या आसाच्याही मागे, डबा बांधून त्यात पंधरा किलो भरलं की पुढचं चाक हलकं पडतं. गावातनं काही कळत नाही. हायवेला सत्तर-ऐंशीच्या वर गेलं की हँडल हातात हलायला लागतं आणि माणूस म्हणतो, टायरमध्ये काहीतरी गडबड आहे.

म्हणून जड वस्तू खाली आणि जितक्या पुढे घेता येतील तितक्या पुढे. हवा भरायचा पंप, हत्यारं, पाण्याच्या बाटल्या हे सॅडल बॅगच्या, म्हणजे सीटच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या बॅगांच्या, तळाला, पुढच्या कोपऱ्यात. दोन्ही अंगांचं वजन सारखं. पाठीमागच्या बॅगेत झोपायची पिशवी, कपडे, रेनकोट, एवढंच. टॉपबॉक्स, म्हणजे कॅरिअरवरचा कडक डबा, घेतलाच असेल तर त्यावर किंवा त्याच्या पुस्तिकेत किती किलोपर्यंत भरायचं ते दिलेलं असतं, आणि तो आकडा बघून बहुतेकांना धक्का बसतो, इतका तो लहान असतो. गाडीच्या पुस्तिकेतही माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते असतं. शोरूममधून आल्यापासून ती पुस्तिका सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच असते. काढून एकदा वाचा.

आता स्टे. सॅडल स्टे म्हणजे बॅग मागच्या चाकापासून आणि शॉकॲब्सॉर्बरपासून लांब धरणारी पाइपची चौकट. खरी खरेदी ही. बॅग दोन-तीन वर्षांनी बदलता येते, स्टे गाडीसोबत राहतो. तयार स्टे मॉडेलप्रमाणे मिळतात, साधारण दोन हजारांच्या आसपास. आमच्याकडे उद्यमनगर असल्यामुळे पाइप वाकवून, वेल्ड करून, पावडर कोटिंग मारून दोन दिवसांत हवा तसा स्टे मिळतो. कोल्हापूरकरांना ही चैन आहे, बाकीच्यांनी तयारच घ्यावा. घेताना तीन गोष्टी. एक, स्टे किमान तीन ठिकाणी कसलेला हवा, दोन बोल्टवर लटकणारा नको. खड्ड्यात तो मागेपुढे झुलतो आणि बोल्टचं भोक वाढत जातं. दोन, तो चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) मूळ बोल्टांवर बसावा, मडगार्डच्या पत्र्यावर नाही. तीन, डाव्या अंगाचा स्टे लावण्यासाठी साडी गार्ड काढायला लागत असेल, तर त्याच स्टेमध्ये चाक झाकणारी जाळी किंवा आडव्या सळ्या आहेत का ते बघा. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, पायाची खुंटी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण सांगितलेलं आहे. पण कायदा राहू द्या बाजूला, मागे बसणाऱ्या बाईच्या ओढणीचा विचार करा. साडी गार्ड "लुक बिघडवतो" म्हणून काढून मागणारी पोरं येतात. मी काढून देत नाही, शेजारचा देतो.

स्टे बसला की मग माप. वर्तमानपत्राची दोन पानं चिकटवा, बॅगेच्या लांबी-रुंदीएवढा कागद कापा आणि स्टेवर टेपनं लावा. मग मागे बसणाऱ्या माणसाला बसवा. त्याची टाच कागदाला लागते का? इंडिकेटर झाकला गेला का? नंबर प्लेट मागून सरळ दिसते का? मीटिअरचा सायलेन्सर उजव्या अंगाला, सुपर मीटिअरचे दोन्हीकडे. कागदाची खालची कड आणि सायलेन्सर यांच्यात चार बोटं तरी राहिली पाहिजेत, आणि तीही दोन माणसं बसून गाडी दबलेली असताना. उभ्या गाडीला माप घेऊन घेतलेली बॅग सांगली रोडच्या स्पीडब्रेकरवर सायलेन्सरला टेकते. रेक्झिन एकदम जळत नाही, आधी मऊ होतं, वास येतो, मग सुरकुती पडून तिथूनच फाटतं. जागा कमी असेल तर स्टेच्या खाली पत्र्याची पट्टी लावा. बॅगेच्या आत रबरी चटई घालून उष्णता थांबत नाही.

रुंदीला एकच कसोटी: दोन्ही बॅगा मिळून हँडलपेक्षा बाहेर जायला नकोत. हँडल गेलं तिथून गाडी जाणार, हा हिशेब डोक्यात बसलेला असतो. कडक डबे घेणाऱ्यांचं इथेच चुकतं. डब्याला कुलूप असतं, पाऊस आत जात नाही, हॉटेलपुढे गाडी लावून निवांत जेवता येतं, हे सगळं मान्य. पण महाद्वार रोडला दसऱ्याच्या गर्दीत ते डबे घेऊन शिरा म्हणजे कळेल. शिवाय गाडी आडवी झाली तर कडक डबा आणि रस्ता यांच्यामध्ये पाय सापडतो, मऊ बॅग निदान दबते. रोज ऑफिसला एकट्यानं जाणाऱ्याला एक छोटा टॉपबॉक्स पुरे. वर्षातून चार-सहा वेळा लांब जाणाऱ्याला मऊ बॅगा. दोन्ही पाहिजेत म्हणणाऱ्याला मी गाडी बदला म्हणते.

बॅग हातात घेतल्यावर बाहेरून बघू नका. उलटी करा. "वॉटरप्रूफ" हा शब्द कापडाबद्दल असतो, पाणी शिरतं शिवणीतून. सुई गेली तिथे भोक पडलं, हे कुठल्याही शिंप्याला विचारा. त्यावर उपाय दोन: शिवणीवर आतून गरम करून चिकटवलेली टेप, किंवा शिवणच नाही, कापडाच्या कडा वितळवून जोडलेल्या. पहिल्या प्रकारात टेपचं टोक नखानं उचलून बघा. सहज उचललं गेलं तर पहिल्या पावसाळ्यात ते सुटणार. दुसऱ्या प्रकारची बॅग महाग, पण आंबोलीच्या पावसाला तीच पुरते. तोंड गुंडाळून बंद करायची बॅग असेल तर निदान तीन वेळा गुंडाळता आली पाहिजे. गच्च भरल्यावर एकदाच गुंडाळता येत असेल तर ती तुमच्यासाठी लहान आहे, लिटरचा आकडा काहीही असो.

कापडावर १००० डी किंवा १६८० डी लिहिलेलं असतं. हा डी म्हणजे डेनिअर. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनिअर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, घासायला टिकाऊ. पाणी अडवायचं काम धागा करत नाही, त्याच्या मागचा लेप करतो. तेव्हा १६८० डी वाचून भाळू नका, मागची बाजू बोटानं चोळा. लेप पांढरा भुरभुरत असेल तर ठेवा खाली.

पट्टे जिथे बॅगेला जोडलेत ती जागा माझ्या आवडीची. तिथे चौकोन शिवून आत फुली मारलेली असावी, फुलीच्या टोकांना टाके दाट असावेत. नुसत्या दोन सरळ शिवणी म्हणजे तो पट्टा कधीतरी घाटात सुटणार. दोऱ्याला नख लावून ओढा. नायलॉनचा बाँडेड दोरा गुळगुळीत असतो, उलगडत नाही. सुती किंवा साधा दोरा पिसारतो आणि उन्हानं वर्षभरात कुजतो. चेन मोठ्या दात्यांची, निदान दहा नंबरची हवी. बारीक चेन चिखलानं अडकते. अडकलीच तर ओढाताण न करता पाण्यानं धुवा आणि कोरडी झाल्यावर मेणबत्ती घासा.

आणि पट्ट्यांची मोकळी टोकं! बॅग कसली की पट्ट्याचं वीतभर टोक लोंबकळत राहतं. मीटिअरची साखळी डाव्या अंगाला. टोक साखळीत गेलं की मागचं चाक जाम. म्हणून टोक अडकवायला इलॅस्टिकची पट्टी असलेलीच बॅग घ्या. नसेल तर टोक गुंडाळून रबर लावा किंवा सरळ कापून मेणबत्तीवर कड वितळवून घ्या.

बॅगेसोबत येणारं भडक रंगाचं पावसाळी कव्हर मला फारसं पटत नाही. उभ्या गाडीला छान दिसतं, वाऱ्यात फुगतं आणि एखाद्या वळणावर मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन बसतं. त्यापेक्षा आत घालायची पाणबंद पिशवी बरी. बाहेरची बॅग भिजू दे, आतलं कोरडं. पिशवी तपासायची तर कागदाचे तुकडे भरून तोंड गुंडाळा आणि पाच मिनिटं बादलीत दाबून धरा.

चामड्याच्या बॅगा. चपलांच्या गावात राहून चामड्याविरुद्ध बोलायची माझी काय बिशाद. क्रूझरवर ती जशी शोभते तशी दुसरी कुठलीच शोभत नाही, नाद खुळा! पण गगनबावड्याच्या पावसात एकदा भिजली की वजन वाढतं, आकार जातो, आणि घाईनं उन्हात वाळवली तर कडक होऊन तडकते. सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून वाळवा आणि वाळल्यावर तेलाचा हलका हात फिरवा. दिवाळी ते मे चामडं, मिरगापासून दसऱ्यापर्यंत कापड, असं दोन बॅगांचं चालत असेल तर घ्या. एकच घ्यायची असेल तर चामडं नको.

सीटवर मी लांबण लावणार, कारण हे माझं पोटापाण्याचं काम. दोन तास चालवून कंबर धरली की लोक वरून जेलचं नाहीतर हवेचं उशीकव्हर टाकतात. हवेचं त्यातल्या त्यात बरं, त्यात हवा अगदी कमी भरायची, हाड खाली टेकणार नाही इतपतच. जेल उन्हात तापतं, दुपारी गाडीवर बसताना समजेल. पण दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा फोमची जाडी नसते, आकार असतो. वर सांगितलं तसं सगळा भार माकडहाडावर. तिथे आणखी फोम घालून काय होणार, तेच हाड आणखी उंच बसणार, आणि बुटक्या माणसाचे पाय जमिनीवरून उचलले जाणार. मी उलट करते. माकडहाडाखाली फोम थोडा खरवडून खोलगट करते, दोन्ही बाजूंना बसायच्या हाडांखाली घट्ट फोमचा थर देते, आणि सीटचं पुढचं टोक मांडीला लागत असेल तर कड गोल करते. सीट बनवायला देताना तुम्ही स्वतः जा, नुसती सीट पाठवू नका. सीटवाल्यानं तुम्हाला गाडीवर बसवून खडूनं खुणा केल्या नाहीत तर दुसरीकडे जा.

नवीन रेक्झिन घालताना शिवण वर, बसायच्या जागेवर येऊ देऊ नका. नक्षी म्हणून हिऱ्याच्या आकाराची शिलाई सगळ्यांना हवी असते. दिसते मस्त, पण प्रत्येक टाक्यातून पाणी आत जातं, फोम ते पितो, आणि ऊन पडल्यावरही दोन दिवस बुडाखाली ओल लागत राहते. नक्षी हवीच असेल तर फोम आणि रेक्झिन यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पातळ कागद घालायला सांगा. खालच्या पिना स्टीलच्या मागा, साध्या गंजून तुटतात.

मागची स्प्रिंगही बघा. मीटिअरच्या मागच्या शॉकला कसणी बदलायच्या सहा पायऱ्या आहेत. सामान आणि मागे माणूस असेल तर दोन-तीन पायऱ्या वाढवा, दोन्ही अंगांना सारख्या. हे फुकटचं काम न करता लोक महागडा शॉक विचारत येतात.

विंडशील्डची उंची अशी हवी की वरची कड तुमच्या नाकाच्या रेषेत येईल आणि रस्ता तिच्यावरून दिसेल, तिच्यातून नाही. पावसात, रात्री, समोरून ट्रक आला की ओरखड्यांच्या काचेतून काहीच दिसत नाही. पुसताना आधी पाणी ओता, मग मऊ फडकं. पेट्रोल किंवा थिनर लावाल तर ती कायमची धुरकट होईल.

जादा लाइट लावताना वायर कापून जोडणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. वीस-वीस वॅटचे दोन दिवे म्हणजे चाळीस वॅट, बारा व्होल्टला साधारण साडेतीन अँपिअर. हा प्रवाह हँडलवरच्या बटणातून न्यायचा नसतो. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून दिवा. रिले म्हणजे मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बटण फक्त त्याला इशारा देतं. फ्यूज बॅटरीच्या जवळ हवा, दिव्याच्या नाही. दिव्यांचा झोत खाली ठेवा. समोरच्याला आंधळं करून आपल्याला काय मिळणार?

मोबाइल होल्डर साधा घेऊ नका. २०२१ मध्ये ॲपलनं स्वतःच जाहीर केलं की मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. एका सिलिंडरची गाडी तर भरपूर थरथरते. थरथर शोषणारा रबरी डँपर असलेला होल्डर घ्या, नाहीतर फोन खिशात आणि कानात रस्ता सांगणारा आवाज.

सायलेन्सरचं विचाराल तर मूळचाच ठेवा. पुणे-नागपूरच्या पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडलेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय, की कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी फारकत घेणारा बदल चालत नाही. स्टे आणि मऊ बॅगेला कुणी अडवत नाही. चासी कापून वेल्डिंग करायला आलेल्याला मी दारातूनच परत पाठवते.

राहिलं गाडीचं कव्हर. पावसाळ्यात जास्त खपतं, आणि पावसाळ्यातच चुकीचं वापरलं जातं. ओल्या गाडीवर कव्हर टाकू नका. आत वाफ कोंडते, क्रोमवर ठिपके येतात, सीटवर बुरशी चढते. आधी तासभर वारा लागू द्या. वरून रबरासारखं जाड, हवाबंद कव्हर घेण्यापेक्षा दोन्ही टोकांना हवेची झडप असलेलं हलकं कव्हर चांगलं. सायलेन्सर लागतो तिथे आतून उष्णता सोसणारं ठिगळ हवं, आरशांना खिसे हवेत, आणि पोटाखालून घ्यायचा पट्टा पाहिजेच, नाहीतर वैशाखातल्या वावटळीत कव्हर एकीकडे आणि गाडी एकीकडे. विंडशील्ड आणि बॅकरेस्ट असलेल्या गाडीला नेहमीच्या मापाचं कव्हर मागच्या चाकापर्यंत पोचत नाही, एक माप मोठं घ्या. अपार्टमेंटमध्ये गाडी पार्किंगला असेल तर पावसाची काळजी सोडा, मांजरांची करा. गरम सीटवर झोपून नखं परजणारं मांजर सहा महिन्यांत सीट माझ्याकडे पाठवतं. तिथे साधं सुती कव्हरही चालतं, फक्त धूळ झटकून मगच घाला, नाहीतर तीच धूळ टाकीवर घासली जाते.

सगळं बसवून झालं की गाडी घेऊन लगेच गोव्याला जाऊ नका. आधी सामान भरून जोतिबाला चक्कर मारा, खाली आल्यावर स्टेचा प्रत्येक बोल्ट परत कसा. नवीन पावडर कोटिंग दबतं आणि बोल्ट ढिले पडतात, हे ठरलेलं. नायलॉनच्या कडीचे नट वापरा. आणि काढलेला साडी गार्ड, मूळ सीट, मूळ नट-बोल्ट एका पोत्यात बांधून वर चिठ्ठी लावून ठेवा. दोन वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा तेच आधी विचारतो.